एक स्टार खोटा असेल तर: ऑनलाइन विक्रेत्याने दाद कशी मागायची

ऑनलाइन बाजारात खरेदीदार विक्रेत्याला स्टार देतो, विक्रेत्याला मात्र खरेदीदाराबद्दल अवाक्षर काढायची सोय नाही. हे पहिल्यापासून असं नव्हतं. ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजाराने १९९६मध्ये फीडबॅकची पद्धत सुरू केली तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांबद्दल बरंवाईट लिहू शकत होत्या. त्यातही खोट होती. खरेदीदाराने तक्रार केली की विक्रेता उट्टं काढायला त्याच्याही नावावर वाईट शेरा मारायचा, म्हणून लोक खरं लिहायला कचरत. २००८च्या जानेवारीत ईबेने नवा नियम जाहीर केला आणि मे महिन्यापासून तो लागू झाला: विक्रेत्याने खरेदीदाराला चांगला शेरा द्यावा, नाहीतर गप्प बसावं. चिडलेल्या विक्रेत्यांनी १८ ते २५ फेब्रुवारी असा आठवडाभराचा बहिष्कार पुकारला, माल विक्रीला ठेवलाच नाही. नियम जागचा हलला नाही. आज अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, सगळीकडे हीच एकतर्फी रीत आहे.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की सेलर सपोर्टच्या (कंपनीच्या विक्रेता-मदत विभागाच्या) तिकिटात, म्हणजे ऑनलाइन तक्रारअर्जात, 'हा आमच्यावर अन्याय आहे' असं लिहून हाती काही लागत नाही. एकतर्फी पद्धत कंपनीने समजून-उमजून निवडली आहे, कारण तिला विक्रेते मुबलक मिळतात आणि खरेदीदार टिकवून धरावा लागतो. तिकीट वाचणाऱ्या माणसाला न्याय-अन्याय ठरवायचा अधिकारच नसतो. त्याच्यासमोर नियमांची यादी असते आणि त्यातलं एखादं कलम लागू होतं का, एवढंच तो बघतो. म्हणून लढाई दोन पातळ्यांवर, पण वेगवेगळी लढायची. एकेका शेऱ्यासाठी कंपनीच्याच नियमाचं बोट धरून एकट्याने भांडायचं आणि नियम बदलण्यासाठी चार जण मिळून. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हीकडे हात रिकामे राहतात.

शेरा नेमका कुठे पडलाय ते आधी बघा

पुष्कळ अर्ज फेटाळले जातात ते चुकीच्या दारात गेल्यामुळे. अ‍ॅमेझॉनवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेलर फीडबॅक तुमच्या दुकानाबद्दल असतो: पॅकिंग, वेळेवर पाठवणं, वागणूक. प्रॉडक्ट रिव्ह्यू वस्तूबद्दल असतो आणि तो वस्तूच्या पानावर राहतो. तीच वस्तू चार जण विकत असतील तर तो चौघांनाही भोवतो. खरेदीदाराला हा फरक ठाऊक नसतो, ठाऊक असायचं कारणही नाही. तो समोर दिसेल त्या चौकटीत राग ओततो.

तुमचा फायदा नेमका इथेच आहे. सेलर फीडबॅकमध्ये संपूर्ण मजकूर वस्तूबद्दल असेल तर तो काढून टाकायचा, असा अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा नियम आहे. उलट बाजूने, प्रॉडक्ट रिव्ह्यूमध्ये कुरिअर, पॅकिंग किंवा विक्रेत्याबद्दलच लिहिलं असेल तर ते त्या जागेत बसत नाही, आणि रिव्ह्यूखालच्या 'रिपोर्ट' बटणाने तसं कळवता येतं.

'संपूर्ण' या शब्दाकडे मात्र बारकाईने बघा. समजा तुम्ही सोलापुरी टॉवेल विकता आणि सेलर फीडबॅकमध्ये हे चार शेरे आले:

'रंग फिका निघाला, दोन धुण्यांत धागे सुटले.' हा सगळा वस्तूबद्दल आहे. विनंती करा, निघायला हवा.

'टॉवेल बेकार आणि पॅकिंगही फाटलेलं.' शेवटचे दोन शब्द पॅकिंगबद्दल आहेत, म्हणजे सेवेबद्दल. पुढचं कितीही वस्तूबद्दल असलं तरी हा नियमाने निघत नाही.

'डिलिव्हरी बॉय उद्धट होता, तीन दिवस उशीर.' माल अ‍ॅमेझॉनच्या गोदामातून, म्हणजे एफबीएने गेला असेल तर शेऱ्यावर काट मारली जाते आणि पाठवणीची जबाबदारी अ‍ॅमेझॉन घेते. तुम्ही स्वतः पाठवला असेल तर ही पळवाट नाही.

'चुकून ऑर्डर झाला, मला नकोच होता.' यात तुमचा काडीचा दोष नाही, हे वाचणाऱ्या कोणालाही कळेल. पण दोष नसणं हे शेरा काढण्याच्या कारणांत मोडत नाही. इथे खरेदीदारालाच विनवावं लागतं.

याशिवाय शिवीगाळ, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता, दुसऱ्या दुकानाची जाहिरात असा मजकूर असेल तर तोही काढला जातो.

फ्लिपकार्ट आणि मीशोवर खरेदीदाराचं रेटिंग मुख्यतः वस्तूला चिकटतं आणि कुरिअरचा रागही त्यातच मिसळतो. तिथे एकेक स्टार काढून घेण्याचे मार्ग अरुंद आहेत. तुमची ताकद रिटर्नच्या क्लेमवर, म्हणजे भरपाईच्या मागणीवर, लावलेली बरी, कारण नुकसान तिथे रोख होतं. त्याबद्दल पुढे.

टक्केवारी लहान विक्रेत्यालाच का चावते

अ‍ॅमेझॉनचा ऑर्डर डिफेक्ट रेट (बिघडलेल्या ऑर्डरचं प्रमाण), म्हणजे ओडीआर, १ टक्क्याच्या आत ठेवावा लागतो. त्यात तीन गोष्टी मोजतात: एक किंवा दोन स्टारचे फीडबॅक, ए-टू-झेड गॅरंटीचे क्लेम (खरेदीदाराने थेट कंपनीकडे मागितलेली भरपाई) आणि बँकेमार्फत परत खेचलेले पैसे. मोजणी ६० दिवसांच्या पट्ट्यात होते. आता हिशोब करा. दोन महिन्यांत ५,००० ऑर्डर असणाऱ्याला चाळीस नाराज ग्राहक परवडतात, तो ०.८ टक्क्यावर असतो. ८० ऑर्डर असणाऱ्याचा एकच ग्राहक नाराज झाला तरी तो १.२५ टक्क्यावर, म्हणजे रेषेपलीकडे. नियम दोघांना एकच, पण धाकट्याला चुकायला जागाच ठेवलेली नाही. या असमतोलाकडे कंपन्या सहसा काणाडोळा करतात. सामूहिक तक्रारीत हा मुद्दा सगळ्यात वर असायला हवा असं माझं मत आहे.

सरासरीचंही तसंच. ४० रेटिंगची सरासरी ४.५ असेल आणि एक स्टारचा एक शेरा पडला, तर ती ४.४१ वर येते. परत ४.५ गाठायला लागोपाठ सात जणांनी पाच स्टार द्यावे लागतात. म्हणून कोणत्या शेऱ्यासाठी भांडायचं हे रागावर न ठरवता या हिशोबावर ठरवा. हजार रेटिंग असलेल्या दुकानाने एका शेऱ्यामागे आठवडा घालवणं परवडणारं नाही. चाळीसवाल्याला मात्र तो घालवावाच लागतो.

पुरावा माल निघण्याआधी तयार होतो

शेरा आल्यावर पुरावा शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो. पुढची शिस्त महागाच्या मालाला तरी लावाच, आणि जमलं तर सगळ्याच ऑर्डरला.

पॅकिंगचं टेबल एका जागी ठेवा आणि वर मोबाइल स्टँड लावा. व्हिडिओ एकसंध हवा, मध्ये तोडलेला चालत नाही. आधी शिपिंग लेबल कॅमेऱ्यासमोर धरा म्हणजे ऑर्डर क्रमांक आणि एडब्ल्यूबी, म्हणजे कुरिअरचा पाकीट क्रमांक, वाचता येईल. मग वस्तू चारी बाजूंनी दाखवा. साडी, शर्ट असेल तर घडी उलगडून, चप्पल असेल तर तळव्यावरचा साइजचा आकडा दाखवून, इलेक्ट्रॉनिक असेल तर सीरियल नंबर दाखवून. मग वस्तू आत, टेप, वर लेबल, आणि शेवटी वजनकाट्यावर ठेवून आकडा. वजनाचा पुरावा दुहेरी कामाचा आहे. 'रिकामा डबा आला' या तक्रारीला तो उत्तर देतो आणि कुरिअरने जादा वजनाचे पैसे कापले तर तिथेही उपयोगी पडतो.

फाइलला ऑर्डर क्रमांकाचं नाव द्या आणि तारखेच्या फोल्डरमध्ये टाका. मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेली प्रत दाबली जाते आणि तिच्यातली तारीख-वेळेची मूळ नोंद पुसली जाते. प्रकरण कधी कोर्टापर्यंत गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

रिटर्न उघडतानाही हीच पद्धत. पाकीट बंद असताना सहा बाजू, लेबल, टेप उचकटलेली आहे का, मग उघडणं, मग आतली वस्तू. रिटर्न आणणारा मुलगा घाईत असतो, दहा पाकिटं ओट्यावर टाकून ओटीपी मागतो. मोजल्याशिवाय ओटीपी देऊ नका. पाकीट फाटकं असेल तर पोचपावतीवर किंवा अ‍ॅपमध्ये तसा शेरा टाकायला लावा, निदान त्याच्यासमोर फोटो काढा. त्याच्याशी भांडण नको. त्याला दर पाकिटामागे पैसे मिळतात आणि हे नियम त्याने केलेले नाहीत.

लिस्टिंग, म्हणजे वस्तूचं विक्रीचं पान, हाही पुरावाच आहे. कोल्हापुरी चपलेचा साइज एका बोटाने लहान येतो हे पानावर लिहिलेलं असेल आणि तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असेल, तर 'साइज चुकीचा' या तक्रारीला उत्तर आहे. हातमागाच्या कापडात धाग्याची गाठ दिसणं हा दोष नाही, हेही आधीच लिहून ठेवा. फोटोसकट पानाचा स्क्रीनशॉट दर महिन्याला काढून ठेवा. पुढे पानावर बदल झाला तर विक्रीच्या दिवशी काय लिहिलं होतं हे दाखवता यायला हवं.

खरेदीदाराला काय लिहायचं, काय नाही

वाईट शेरा दिसल्या दिसल्या उत्तर टाइप करू नका. संध्याकाळपर्यंत थांबा, ऑर्डर तपासा, व्हिडिओ बघा. दहातल्या काही वेळा चूक तुमचीच असते. रंग बदलून गेलेला असतो, नाहीतर पाठवणीला दोन दिवस उशीर झालेला असतो. तसं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि पैसे परत करा.

चूक नसेल तर कंपनीच्या मेसेज सुविधेतूनच लिहा. लेबलवर नंबर असला तरी फोन करू नका, व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच. खरेदीदाराने 'विक्रेता घरी फोन करतो' अशी तक्रार केली की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि तुमचं खातं धोक्यात येतं. मजकूर असा काहीसा असावा:

'नमस्कार. तुमच्या ऑर्डरमधील टॉवेलबद्दल तुम्ही नाराजी कळवली, ती वाचली. रंगाचा फरक दिसेल असा एक फोटो पाठवाल का? दोष असेल तर बदली किंवा पूर्ण रक्कम परत, जे तुम्हाला सोयीचं असेल ते लगेच करतो.'

यात रेटिंगचा उल्लेख नाही, आणि तो मुद्दाम टाळला आहे. पैसे परत करण्याच्या बदल्यात शेरा बदला, असं सुचवणं सगळ्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर निषिद्ध आहे. 'शेरा काढलात तर शंभर रुपये' असा एक मेसेज सापडला तर दोष तुमच्याकडे येतो आणि मग पुढची प्रत्येक तक्रार संशयाने वाचली जाते. अडचण सुटल्यावर पुन्हा एक मेसेज, तोही एकदाच: 'तुमची अडचण सुटली असेल तर तुमचं मत तुम्ही हवं तसं अद्ययावत करू शकता.' अ‍ॅमेझॉनवर खरेदीदाराला ऑर्डरनंतर ९० दिवस फीडबॅक देता येतो आणि दिलेला फीडबॅक ६० दिवसांत काढता येतो. या मुदती अधूनमधून बदलतात, तेव्हा तुमच्या विक्रेता खात्याच्या पॅनलवर बघूनच दिवस मोजा.

परदेशी माल पाठवणाऱ्यांसाठी: ईबेवर फीडबॅक बदलण्याची रीतसर विनंती पाठवता येते, पण दर १,००० फीडबॅकमागे वर्षाला पाचच. किरकोळ शेऱ्यांवर त्या उधळू नका.

तिकीट कसं लिहायचं

सपोर्टचा माणूस एका तिकिटाला मिनिटं मोजून देतो. तीन परिच्छेदांचं गाऱ्हाणं तो वाचत नाही. पाच ओळी पुरतात:

'विषय: ऑर्डर क्रमांक अमुक, सेलर फीडबॅक काढण्याची विनंती.
शेऱ्यातला मजकूर जसाच्या तसा: "रंग फिका निघाला, दोन धुण्यांत धागे सुटले."
तुमचा नियम: संपूर्ण मजकूर वस्तूबद्दल असेल तर तो सेलर फीडबॅक म्हणून ग्राह्य धरला जात नाही.
तो कसा लागू होतो: मजकुरात पॅकिंग, पाठवणी किंवा वागणूक यांबद्दल एकही शब्द नाही.
मागणी: फीडबॅक काढून टाकावा आणि ओडीआरमधून वगळावा.'

तिकीट इंग्रजीत टाकायचं असलं तरी साचा हाच. आधी फीडबॅक मॅनेजरमधलं 'काढण्याची विनंती' हे बटण वापरा. तिथे यंत्र निर्णय देतं आणि मराठी किंवा रोमन लिपीतल्या मराठी शेऱ्यांवर ते गोंधळू शकतं. फेटाळलं तर मग सेलर सपोर्टकडे केस, म्हणजे तिकीट, टाका, आणि शेरा मराठीत असेल तर शब्दशः इंग्रजी भाषांतर सोबत द्या. पुन्हा फेटाळलं तर तीच केस पुन्हा उघडून फक्त एक प्रश्न विचारा: 'शेऱ्यातला कोणता शब्द सेवेबद्दल आहे, तो दाखवावा.' पुष्कळदा या प्रश्नावर गाडी हलते, कारण दाखवण्यासारखा शब्द नसतो. एकाच शेऱ्यासाठी पाच नव्या केस टाकल्या तर त्या डुप्लिकेट म्हणून बंद होतात, म्हणून धागा एकच ठेवा.

पैशाचा मामला: क्लेम आणि रिटर्न

शेरा चार दिवस खुपतो. ए-टू-झेड क्लेम मात्र खिशाला आणि ओडीआरला एकाच वेळी लागतो. त्याची सूचना आली की उत्तर द्यायला मोजका वेळ असतो, आणि उत्तर दिलं नाही तर निकाल आपोआप खरेदीदाराकडे जातो. म्हणून त्या ईमेलला वेगळी घंटी लावा. उत्तरात माल पोचल्याचा पुरावा, पॅकिंगचा व्हिडिओ किंवा त्यातले स्थिर फोटो आणि खरेदीदाराशी झालेला मेसेज-व्यवहार, एवढंच द्या. निकाल विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. अपिलात जुनंच पुन्हा लिहू नका. पहिल्या वेळी न दिलेली एखादी गोष्ट हवी: कुरिअरच्या वजनाची नोंद, सहीची प्रत, सीरियल नंबरचा जुळत नसलेला फोटो.

रिटर्नमध्ये दुसरीच वस्तू आली, वापरलेली आली, विटेचा तुकडा आला, तर अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी क्लेम, फ्लिपकार्टवर सेलर प्रोटेक्शन फंड आणि मीशोच्या पॅनलवर रिटर्नचा क्लेम असे मार्ग आहेत. तिन्ही ठिकाणी घड्याळ रिटर्न तुमच्या हातात पडल्यापासून धावतं. आठवड्याचे रिटर्न रविवारी एकदम उघडायची सवय इथे नडते, कारण सोमवारी आलेल्या पाकिटाची मुदत तोवर संपत आलेली असू शकते. रोजचे रिटर्न रोज उघडा.

क्लेम फेटाळताना 'पुरावा अपुरा' एवढंच उत्तर येतं. त्यावर विचारा की नेमका कोणता पुरावा अपुरा आहे. व्हिडिओत लेबल वाचता येत नाही, पाकीट उघडण्याआधीचा भाग नाही, की बारकोड दिसत नाही? नेमकं कारण लेखी आलं तर दोन फायदे होतात. अपील धारदार होतं आणि पुढच्या शंभर व्हिडिओंत ती त्रुटी राहत नाही.

'पैसे परत दे, नाहीतर एक स्टार'

अशी धमकी आली तर ती प्लॅटफॉर्मच्या मेसेजमध्येच राहील याची काळजी घ्या. फोनवर धमकावलं तर मेसेजमध्ये लिहा: 'आत्ता फोनवर आपण अमुक म्हणालात, मी ते बरोबर समजलो ना?' उत्तर आलं तर पुरावा झाला. मग मेसेजवरच्या 'रिपोर्ट' सोयीने कळवा आणि शेरा पडण्याआधीच केस टाका. शेऱ्याच्या आधीची तारीख असलेली तक्रार नंतरच्या दहा तक्रारींपेक्षा वजनदार ठरते. ईबेच्या नियमांत अशा वसुलीला स्वतंत्र नाव आणि मनाई आहे. इथल्या प्लॅटफॉर्मवर ती गैरवापराच्या कलमात बसवावी लागते.

जाहीर उत्तर द्यावं का

जिथे विक्रेत्याला शेऱ्याखाली उत्तर लिहिता येतं तिथे दोन ओळी पुरतात. उत्तर पुढचा खरेदीदार वाचणार आहे, रागावलेला नाही. 'पानावर तळव्याची लांबी २५ सें.मी. दिली आहे, साइज बदलून द्यायला आम्ही तयार आहोत' इतकं बास. एट्सी या हस्तकलेच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात एक खोच आहे. विक्रेत्याने जाहीर उत्तर दिलं की खरेदीदाराला आपला रिव्ह्यू बदलता येत नाही. तिथे आधी खासगी बोलणी पूर्ण करा, ती फिसकटली तरच जाहीर लिहा.

चांगले शेरे मागायलाही हरकत नाही, फक्त सगळ्यांकडून आणि सारख्याच शब्दांत. अ‍ॅमेझॉनचं 'रिक्वेस्ट अ रिव्ह्यू' बटण माल पोचल्यानंतर ५ ते ३० दिवसांत एकदा वापरता येतं. पाकिटात 'पाच स्टार द्या, पन्नास रुपये मिळवा' अशी चिठ्ठी टाकणं बंद करा. आणि भाच्याच्या खात्यावरून स्वतःलाच रिव्ह्यू लिहिणं हे तर कायद्याच्या विरुद्ध आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० विक्रेत्याला ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला स्पष्ट मनाई करतात.

कायदा तुमच्या बाजूने किती

थोडा, आणि तोही आडवळणाने. २३ जुलै २०२० रोजी आलेले हे ई-कॉमर्स नियम मुळात ग्राहकासाठी आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात, हे त्यातलं बंधन ग्राहकाच्या तक्रारीला लागू आहे, तुमच्या तिकिटाला नाही. ग्राहक आयोगाचं दारही व्यापारी कारणासाठी सेवा घेणाऱ्याला सहसा उघडत नाही. मात्र नियम ५ विक्रेत्याच्याही कामाचा आहे. वस्तूंचा आणि विक्रेत्यांचा क्रम लावताना कोणते मुख्य निकष वापरले जातात आणि त्यांचं परस्परांतलं महत्त्व किती, हे सोप्या भाषेत जाहीर करणं त्याने मार्केटप्लेसला बंधनकारक केलं आहे. काही विक्रेत्यांना वेगळी वागणूक मिळत असेल तर तिचं वर्णनही अटींमध्ये द्यावं लागतं. 'माझं रेटिंग इतकं घसरल्याने यादीतलं स्थान का आणि किती घसरलं?' हा प्रश्न या नियमाचा हवाला देऊन लेखी विचारता येतो.

शेऱ्यात अश्लील मजकूर, जाती-धर्मावरून द्वेष किंवा कोणाची खासगी माहिती असेल तर माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१चा रस्ता आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या मध्यस्थांच्या व्याख्येत ऑनलाइन मार्केटप्लेस येतात, म्हणून त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर द्यावा लागतो. त्याच्याकडे रीतसर तक्रार करा. निकाल पटला नाही तर २०२३पासून सुरू झालेल्या सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. 'माल आवडला नाही' अशा शेऱ्यासाठी हा रस्ता नाही, तो वापरून हसं करून घेऊ नका.

भारतीय मानक ब्युरोने २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का हे तपासणं, छाननीची पद्धत पारदर्शक ठेवणं, अशा अपेक्षा त्यात आहेत. ते ऐच्छिक म्हणून आलं, त्यामुळे दंडुका नाही. पण पत्रात त्याचा उल्लेख करून, आपली पद्धत त्याच्याशी ताडून उत्तर द्या, असं कंपनीला निदान म्हणता येतं.

मोठ्या रकमेचा वाद असेल तर वकिलाकडे जाण्याआधी विक्रेता करार काढून लवादाचं कलम आणि न्यायक्षेत्र बघा. नाशिकच्या विक्रेत्याला बंगळुरू किंवा दिल्लीचा खर्च धरून हिशोब करावा लागतो. बदनामीची नोटीस खरेदीदाराला पाठवण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. चारशे रुपयांच्या टॉवेलवरचं मत हे मतच राहतं, आणि नोटिशीचा फोटो मात्र गावभर फिरतो.

नियमच बदलायचा असेल तर

ईबेचा बहिष्कार नियम हलवू शकला नाही. पण एवढ्यावरून संघटित विरोध फोल ठरवणं घाईचं होईल. एप्रिल २०२२मध्ये एट्सीच्या हजारो विक्रेत्यांनी ११ ते १८ तारखेपर्यंत दुकानं बंद ठेवली. मुख्य राग ५ वरून ६.५ टक्के झालेल्या शुल्कावर होता, पण चांगल्या विक्रेत्यांना बिल्ला देणारी 'स्टार सेलर' योजना बंद करा ही मागणीही त्यात होती, कारण तिच्यात ९५ टक्के शेरे पाच स्टारचेच असायला हवेत असा निकष होता आणि चार स्टार म्हणजे जवळपास नापास. शुल्क कमी झालं नाही. स्टार सेलरचा निकष मात्र पुढे बदलून सरासरी ४.८ असा झाला.

त्याहून पक्कं यश जर्मनीत दिसलं. विक्रेत्यांच्या तक्रारी साठत गेल्यावर तिथल्या स्पर्धा नियामकाने अ‍ॅमेझॉनची चौकशी सुरू केली आणि जुलै २०१९मध्ये कंपनीने विक्रेत्यांच्या अटी बदलल्या: खातं बंद करायचं तर साधारणपणे ३० दिवस आधी सूचना आणि कारण. पुढच्या वर्षी १२ जुलैपासून युरोपीय संघाने असंच संरक्षण देणारा कायदा सगळ्या प्लॅटफॉर्मना लावला.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२०मध्ये ई-कॉमर्सवरचा बाजार अभ्यास प्रसिद्ध केला. शोधातला क्रम, विक्रेत्यांच्या करारातले बदल आणि रिव्ह्यू-रेटिंगची पद्धत, या सगळ्यांत पारदर्शकता आणा, रिव्ह्यू खऱ्या खरेदीवरचेच छापा, असं त्यात प्लॅटफॉर्मना सुचवलं आहे. त्याच महिन्यात दिल्लीच्या व्यापारी संघाच्या तक्रारीवरून अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशीही आयोगाने लावली. म्हणजे आयोगाला हा विषय नवा नाही. त्याच्यापुढे आकड्यांचा कच्चा माल न्यायला हवा.

तो असा जमवा. इचलकरंजी, भिवंडी, येवला, सोलापूर, जिथे एकाच प्रकारचा माल विकणारे पंधरा-वीस जण आहेत, तिथे एक सामायिक तक्ता ठेवा. रकाने: ऑर्डरचा महिना, प्लॅटफॉर्म, शेऱ्याचा किंवा क्लेमचा प्रकार, लागू होणारा नियम, तिकिटाला किती दिवसांनी काय उत्तर आलं, रुपयांत नुकसान. खरेदीदाराचं नाव, नंबर, पत्ता यांपैकी काहीही त्यात नको. तीन-चार महिन्यांनी 'नियमात बसूनही फेटाळलेल्या विनंत्या इतक्या' असं आकड्यात सांगता येतं. मागण्या तीनच ठेवा: कमी ऑर्डर असलेल्यांसाठी टक्केवारीऐवजी किमान संख्येची अट, फेटाळताना नेमकं कारण, आणि वारंवार खोटे रिटर्न करणाऱ्या खात्यांचे शेरे मोजणीतून बाद. पहिलं पत्र कंपनीच्या विक्रेता विभागाला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला, उत्तरासाठी महिन्याची मुदत देऊन. मग तेच पत्र उत्तरासकट जिल्हा उद्योग केंद्राला, तुमच्या व्यापारी संघाला, आणि मजकुरात स्पर्धेचा मुद्दा असेल तर स्पर्धा आयोगाला. सह्या घेताना प्रत्येकाचा उद्यम नोंदणी क्रमांक शेजारी लिहून घ्या. नोंदणी नसेल तर ती ऑनलाइन आणि फुकट होते, पत्र पाठवायच्या आधी उरकून टाका.